कंबर धरणे आणि कंबर चोळणे : मावळातील मर्दनोपचाराची ऐतिहासिक रूपरेषा

१

दुखऱ्या कमरेविषयी मराठी माणूस बोलू लागला म्हणजे तो जी क्रियापदे वापरतो ती अभ्यासकाने लक्षात घेण्यासारखी आहेत. उसण ‘भरते’, पाठीत चमक ‘निघते’, पाठ ‘आखडते’ आणि कंबर ‘धरते’. यांतील पहिली दोन क्रियापदे अकस्मात येणाऱ्या व काही दिवसांत ओसरणाऱ्या दुखण्याची आहेत. ‘कंबर धरणे’ हा प्रयोग मात्र महिनोन्महिने मुक्काम ठोकणाऱ्या दुखण्यासाठी विशेषेकरून वापरला जातो. आधुनिक वैद्यक बारा आठवड्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या कंबरदुखीला ‘जुनाट’ म्हणते. बोलीभाषेने हा भेद आठवडे न मोजताच क्रियापदांच्या द्वारे केला आहे.

‘धरणे’ या क्रियापदाची पूर्वपीठिका मोठी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील विसाव्या अध्यायात केवळ वातामुळे होणाऱ्या ऐंशी विकारांची गणना आहे. तीत गृध्रसीबरोबरच ‘त्रिकग्रह’ व ‘पृष्ठग्रह’ हीही नावे येतात. त्रिक म्हणजे कण्याच्या तळाचा भाग, आणि ग्रह म्हणजे धरणे. शास्त्रकाराच्या ‘ग्रह’ शब्दात आणि मावळातील शेतकऱ्याच्या ‘धरली’ या शब्दात एकच कल्पना आहे : दुखण्याने अवयव पकडून ठेवला आहे, तो सोडवावयास हवा. खुद्द ‘कंबर’ हा शब्द मात्र फारसी ‘कमर’ या शब्दापासून आलेला आहे. ‘मध्य’ या संस्कृत शब्दापासून निघालेला ‘माज’ हा जुना देशी शब्द कमरेच्या अर्थाने मागे पडला व ‘माजघर’ या सामासिक रूपापुरता व्यवहारात उरला. अवयवाचे नाव बदलले, दुखण्याची कल्पना बदलली नाही. अशा वेळी पकड सोडविण्याचे काम ज्या हातांनी केले त्यांचा इतिहास काय, हा प्रस्तुत निबंधाचा विषय होय. त्यासाठी मावळ हा प्रदेश निवडण्याचे कारण असे की, घरगुती उपचार, तालमीतील मर्दन आणि प्रयोगशाळेतील संशोधन ही तिन्ही येथे थोड्या अंतरावर आढळतात.

२

मर्दनाविषयीचा संस्कृत शब्दसंग्रह विपुल आहे. तेल लावणे तो अभ्यंग, दाबून चोळणे ते मर्दन, हलक्या हाताने चेपणे ते संवाहन, चूर्णाने घासणे ते उद्वर्तन. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील चोविसाव्या अध्यायात यांचा पृथक् विचार केलेला आहे. चरकाने अभ्यंगाची उपयुक्तता सांगताना तीन दृष्टांत दिले आहेत : तेल मुरलेला घडा, तेलाने मळलेले कातडे आणि वंगण दिलेला गाडीचा आस. तिन्ही दृष्टांत कारागिराच्या व शेतकऱ्याच्या व्यवहारातून घेतलेले आहेत, ही गोष्ट महत्त्वाची आहे. शास्त्राने येथे आपला दाखला श्रमिकाच्या अनुभवाकडून उसना घेतला आहे.

या शब्दांचे पुढे काय झाले हे पाहण्यासाठी प्राकृताकडे वळावे लागते. बाराव्या शतकात हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात ‘मृद्’ धातूला जे आदेश सांगितले त्यांत ‘मल’ हा एक आहे. मराठी ‘मळणे’ हा त्याचा वंशज. तसेच ‘म्रक्ष्’ धातूला त्याने ‘चोप्पड’ असा आदेश दिला आहे. मराठी ‘चोपडणे’ त्याच्याशी जुळते. ‘म्रक्ष्’ धातूची सरळ परिणती ‘माखणे’ या क्रियापदात झाली. म्हणजे अंगाला तेल लावण्याची व अंग मळण्याची मराठी क्रियापदे ही ग्रंथांतून अलीकडे उचललेली नसून अखंड बोलल्या गेलेल्या परंपरेची आहेत. याउलट ‘मर्दन’ व ‘अभ्यंग’ ही तत्सम रूपे विद्वानांनी ग्रंथांतून पुन्हा आणली. ‘मालिश’ हा शब्द फारसीतून आला आणि तालमीत रुजला. ‘मसाज’ हा फ्रेंच शब्द इंग्रजीच्या मार्गाने विसाव्या शतकात शहरी मराठीत स्थिरावला.

देवाणघेवाण एकाच दिशेने झाली असे मात्र नाही. हिंदुस्थानी ‘चांपना’ या क्रियापदाच्या आज्ञार्थी रूपावरून इंग्रजीत ‘शाम्पू’ हा शब्द गेला, तेव्हा त्याचा अर्थ अंग चेपणे असाच होता. पाटण्याचे दीन महंमद यांनी इंग्लंडमध्ये ब्रायटन येथे स्नानगृह चालवून ही कला तेथील उच्चभ्रू समाजात रूढ केली व १८२२ साली तीवर ग्रंथ लिहिला. पुढे तो शब्द केस धुण्याच्या द्रव्याला चिकटला आणि त्याच अर्थाने मराठीत परत आला. गेला तो शब्द कौशल्याचा होता, परत आला तो बाटलीचा.

एकाच क्रियेला इतकी नावे असणे हे केवळ शब्दसमृद्धीचे लक्षण नव्हे. कोणी केले त्यावरून नाव ठरत आले आहे. वैद्याने केले तर मर्दन, वस्तादाने केले तर मालिश, सुईणीने केले तर चोळणे, आणि निवासी उपाहारगृहात दाम मोजून करवून घेतले तर मसाज. स्नायूला मात्र हा भेद कळत नाही.

३

हाताच्या या कामाची सामाजिक प्रतिष्ठा प्राचीन काळापासून द्विविध होती. कामसूत्रातील चौसष्ट कलांच्या यादीत संवाहनातील कौशल्याला स्थान आहे. परंतु शूद्रकाच्या मृच्छकटिकातील संवाहक हा पात्रविशेष पाहिला म्हणजे दुसरी बाजू दिसते. अंग चेपण्याची विद्या तो कला म्हणून शिकला, पण आता ती केवळ पोट भरण्याचे साधन झाली आहे, अशी त्याची स्वतःचीच कबुली आहे. पुढे जुगारात बुडालेला हा मनुष्य भिक्षू होतो. नाटकात त्याचा व्यवसाय हेच त्याचे नाव आहे.

महाराष्ट्राच्या भूमीवर औषध व तेल यांचा व्यवहार कोरीव लेखांत नोंदलेला आहे. मावळातीलच कार्ले येथील लेण्यात धेनुकाकट येथील सिंहदत्त नावाच्या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दिलेल्या दानाचा लेख आहे. नाशिकच्या लेण्यातील आभीर राजा ईश्वरसेन याच्या काळच्या लेखात आजारी भिक्षूंच्या औषधासाठी निरनिराळ्या श्रेणींकडे ठेव ठेवल्याचा उल्लेख असून त्यांत तेल काढणाऱ्यांची, म्हणजे ‘तिलपिषकां’ची, श्रेणी आहे. या लेखांवरून मर्दनोपचार सिद्ध होतो असे म्हणणे अतिव्याप्त होईल. गंधी, तेली आणि रुग्णसेवेसाठी केलेली तरतूद ही या प्रदेशाच्या नागर जीवनात सतराशेहून अधिक वर्षांपूर्वी परिचित होती, एवढेच त्यांवरून निश्चित होते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या मानसोल्लासात राजाच्या स्नानभोगात तैलाभ्यंगाचा समावेश आहे. राजाच्या अंगाला लागलेल्या तेलाची नोंद ग्रंथात होते. लावणीच्या दिवसांत वाकून वाकून ताठलेल्या पाठीला लागलेल्या तेलाची नोंद कोणी ठेवलेली नाही.

४

मावळ हा भाताचा प्रदेश आहे. पवन मावळ, नाणे मावळ व आंदर मावळ या खोऱ्यांतून मृगाच्या पावसानंतर चिखलणी आणि लावणी सुरू होते. घोटाभर पाण्यात, कमरेतून पूर्ण वाकून, मागे मागे सरत रोपे रोवण्याचे हे काम मुख्यतः स्त्रियांनी केले आहे. कण्याच्या खालच्या भागावर इतका दीर्घ ताण देणारे दुसरे शेतकाम क्वचितच असेल. याच्या जोडीला बोरघाटाचे ओझे होते. घाटातील लोहमार्गाचे काम १८५६ साली सुरू झाले व १८६३ साली पूर्ण झाले. ऐन भरात तेथे सुमारे ४२,००० माणसे राबत होती. लोणावळ्याची भरभराट याच लोहमार्गाने झाली. तेव्हा या परिसराला कंबरदुखीचा परिचय ग्रंथांतून व्हावा अशी स्थिती कधीच नव्हती.

घरगुती उपचाराची साधने याच मातीतील होती. डोंगरउताराच्या वरकस जमिनीत होणाऱ्या कारळ्यांचे, म्हणजे खुरासणीचे, तेल, बांधावरची निर्गुंडी, तव्यावर तापविलेल्या मिठाची पुरचुंडी, फडक्यात गुंडाळलेली भाजकी वीट. बाळंतिणीच्या कमरेला तेल चोळून शेक देणे हे सुईणीचे काम होते. बलुतेदारीत न्हाव्याकडे हजामतीबरोबर अंग रगडण्याचे कामही येत असे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानात तर वर्षातून एकदा प्रत्येक घरातील प्रत्येक पाठीला कोणाचा तरी हात लागत असे.

उसणीच्या बाबतीत एक लोकसमजूत महाराष्ट्रभर आढळते. पायाकडून जन्मलेल्या, म्हणजे पायाळू, माणसाने दुखऱ्या पाठीला पाय लावला अथवा हलकी लाथ मारली की उसण जाते, असा तो समज. जन्माचा प्रकार आणि पाठीचा स्नायू यांचा कार्यकारणसंबंध नाही, हे उघड आहे. परंतु उसण बहुधा काही दिवसांत आपोआप उतरते, आणि ज्याला पायाळू माणूस सापडला त्याला तो उतार त्या पावलाचा वाटतो. उपचारानंतर गुण आला म्हणून तो उपचारामुळेच आला, हा भ्रम पायाळूपुरता मर्यादित नाही. तो वैद्याच्या तेलाला, वस्तादाच्या रगड्याला आणि नव्या यंत्रालाही तितकाच लागू पडतो. तो दूर करावयाचा तर तुलना हवी, आणि तुलनेसाठी प्रयोग हवा.

५

तालीम ही या इतिहासातील दुसरी शाखा. कुस्तीगिराच्या आखाड्यात जोर, बैठका व लढती यांच्याइतकेच मालिशीला महत्त्व होते. थकलेले अंग मोकळे करणे, मुरगळलेला सांधा बसविणे, लचकलेली पाठ रगडणे ही कामे वस्ताद व जुने पैलवान करीत. हे ज्ञान पाहून आणि करून पुढच्या पिढीला मिळत असे. या परंपरेतील मोठे नाव म्हणजे बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रोफेसर माणिकराव. व्यायामाबरोबरच हाडे बसविणे व मर्दन यांतही त्यांची ख्याती होती. त्यांच्याकडे १९०७ ते १९१० या काळात शारीरिक शिक्षण घेणाऱ्यांत जगन्नाथ गणेश गुणे नावाचे तरुण होते. हेच पुढे स्वामी कुवलयानंद या नावाने प्रसिद्धीस आले.

कुवलयानंदांचा जन्म १८८३ साली डभोई येथे झाला. नर्मदाकाठच्या मालसर येथील माधवदासजी महाराजांकडे त्यांनी योगाचे शिक्षण घेतले. योगक्रियांचे शरीरावर घडणारे परिणाम यंत्रांच्या साह्याने मोजता येतील, या विचाराने त्यांनी बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांच्या मदतीने आरंभीचे प्रयोग केले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. नौलीच्या वेळी उदरपोकळीतील दाब बाहेरच्या दाबाहून कमी होतो हे त्यांनी दाबमापकाने दाखविले व त्या निर्वाताला आपल्या गुरूचे नाव दिले. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या आसनांवरील ग्रंथात भुजंगासन, शलभासन, धनुरासन यांचा पाठीच्या स्नायूंच्या दृष्टीने विचार केलेला आहे. डॉ. विनेकर यांच्या सहकार्याने लिहिलेला यौगिक चिकित्सेवरील ग्रंथ १९६३ साली प्रसिद्ध झाला. १९६६ साली कुवलयानंदांचे निधन झाले.

येथे एक महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. ज्यांचे शिक्षण मर्दनात निष्णात असलेल्या गुरूच्या आखाड्यात झाले, त्यांच्या प्रयोगशाळेत प्राधान्य मिळाले ते आसन, बंध, क्रिया व प्राणायाम यांना, म्हणजे माणसाने स्वतःच्या शरीरावर स्वतः केलेल्या कृतींना. दुसऱ्याच्या हाताने घडणाऱ्या उपचाराला ते स्थान मिळाले नाही. याची कारणे तीन प्रकारची दिसतात. पहिले तात्त्विक : योग ही स्वप्रयत्नाची विद्या आहे, तीत साधकाला निष्क्रिय पडून राहावयाचे नसते. दुसरे पद्धतीविषयक : दाबमापकाला पोटातील दाब कळतो, पण अंगठ्याने नेमका कोठे, किती आणि का दाबला हे त्या काळच्या कोणत्याही उपकरणाला कळत नव्हते. शिवाय एका हाताचे काम दुसऱ्या हाताला तंतोतंत करता येत नाही, आणि पुनरावृत्तीवाचून प्रयोग नाही. तिसरे कारण सामाजिक होय. आसनाला ग्रंथांची परंपरा होती. मर्दनालाही ग्रंथ होते, परंतु ते प्रत्यक्ष करणारे हात सुईणीचे, न्हाव्याचे, पैलवानाचे होते, आणि त्यांच्याजवळ लिहिलेले काहीच नव्हते. यांपैकी तिसरे कारण कोणा एका संस्थेचा दोष नव्हे. ते एकंदर विद्याव्यवहाराचे वैगुण्य आहे.

६

पुणे जिल्ह्यात हाताच्या उपचाराला संस्थेचे छप्पर मिळाले ते निसर्गोपचाराच्या मार्गाने. पुण्यात डॉ. दिनशा मेहता यांचे निसर्गोपचार केंद्र होते व तेथे गांधीजींचे वास्तव्य घडले. १९४६ च्या मार्चमध्ये गांधीजी उरुळी कांचन येथे गेले आणि तेथे ग्रामीण जनतेसाठी निसर्गोपचार आश्रमाची सुरुवात झाली. पुढे त्याची धुरा मणिभाई देसाई यांनी वाहिली. पुण्याच्या केंद्राच्या जागी १९८६ साली राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था आली. या परंपरेत मालिश हा जल, मृत्तिका व आहार यांच्या बरोबरीचा उपचार मानला गेला. लोणावळ्यातही पुढील काळात योगाच्या जोडीला निसर्गोपचार व आयुर्वेदीय पंचकर्म आले.

पाश्चात्त्य देशांत हा प्रवास निराळ्या वाटेने झाला. १८१३ साली स्टॉकहोम येथे पेर हेन्रिक लिंग याने व्यायामसंस्था स्थापिली, आणि १८९४ साली लंडनमध्ये प्रशिक्षित मर्दनकर्त्या परिचारिकांनी आपली संघटना उभारली. तिच्यातूनच पुढे ब्रिटनमधील भौतिकोपचाराचा व्यवसाय वाढला. मर्दन करणाऱ्या स्त्रियांनी स्वतः परीक्षा, नियम व नोंदवही निर्माण केली आणि आपल्या कामाला प्रतिष्ठा मिळवून दिली. मावळातील सुईणीला असा संघ मिळाला नाही. १९५० च्या दशकात मुंबईत भौतिकोपचाराचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले ते या पाश्चात्त्य नमुन्यावर. त्यात गावच्या हाताला प्रवेश नव्हता.

प्राचीनतेचा आधार घेण्याची ओढ या काळात वाढली, हेही नमूद करावयास हवे. आज पंचकर्म केंद्रांतून सर्रास दिली जाणारी ‘कटिबस्ती’ याचे चांगले उदाहरण आहे. उडदाच्या पिठाचे कडे कमरेवर बसवून त्यात कोमट तेल ठेवण्याचा हा उपचार. वाग्भटाने मस्तकासाठी शिरोबस्ती सांगितली आहे. कटिबस्ती हे स्वतंत्र नाव मात्र बृहत्त्रयीत आढळत नाही. शिरोबस्तीच्या धर्तीवर ती पुढे कल्पिलेली दिसते. उपचार नवा असल्याने तो निरुपयोगी ठरत नाही, आणि नाव संस्कृत असल्याने तो प्राचीन ठरत नाही.

७

आता तुलनेच्या कसोटीचा विचार करणे प्राप्त आहे. २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुनाट कंबरदुखीच्या ४०१ रुग्णांचे तीन गट करण्यात आले. एका गटाला विशिष्ट स्नायू व ऊतके हेरून केलेले मर्दन दहा आठवडे देण्यात आले. दुसऱ्याला केवळ विश्रांती मिळावी अशा हेतूने सर्वांगाचे मर्दन दिले. तिसऱ्याचा नेहमीचा उपचार चालू ठेवला. मर्दनाचे दोन्ही गट तिसऱ्या गटापेक्षा सरस ठरले, पण त्या दोहोंत परस्परांत म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. लाभ सहा महिन्यांपर्यंत काही अंशी टिकला व वर्षअखेरीस अल्प उरला. २०१५ सालच्या कोक्रेन समीक्षेने मात्र सर्व उपलब्ध प्रयोग एकत्र पाहून सावध निष्कर्ष काढला : मर्दनाने अल्पकाळ आराम पडतो, परंतु पुराव्याची प्रत हलकी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात ६१ कोटी ९० लाख लोक कंबरदुखीने ग्रस्त होते. या संघटनेने २०२३ च्या डिसेंबरमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत व्यायाम, शिक्षण, मानसोपचार यांबरोबर मर्दनाचीही शिफारस आहे, पण ती सशर्त आहे.

या निष्कर्षांतून इतिहासाच्या अभ्यासकाला दोन गोष्टी मिळतात. पहिली अशी की, मर्दनाच्या अमुक पद्धतीचेच श्रेष्ठत्व सांगणाऱ्या दाव्यांना भक्कम आधार सापडत नाही. तेव्हा वैद्याचे मर्दन थोर आणि सुईणीचे चोळणे गौण, ही जी प्रतवारी शब्दांनी निर्माण केली तिला निदान कमरेच्या बाबतीत शरीराने दुजोरा दिलेला नाही. दुसरी अशी की, हाताने मिळणारा आराम खरा असला तरी तो अल्पायुषी आहे, आणि टिकाऊ गुणासाठी रुग्णाला स्वतः हालचाल करावीच लागते. म्हणजे स्वप्रयत्नावर भर देणारी लोणावळ्याची दृष्टी दीर्घकाळाच्या हिशेबात योग्य दिशेची होती, आणि त्या प्रयत्नास रुग्ण तयार व्हावा इतका आराम देणारा हात हा तिचा विरोधक नसून पूर्वसाहाय्यक होता. तालमीत मालिश आणि मेहनत ही एकाच मातीत, एकाच सकाळी होत असत. शास्त्रव्यवहाराने ती वेगळी केली. तथापि पाय बधिर होणे, लघवी अडणे, ताप येणे, किंवा पडझडीनंतर वेदना उद्भवणे ही लक्षणे असता चोळण्यापूर्वी वैद्यकीय तपासणी अत्यावश्यक आहे. जुन्या हातांना हा विवेक सर्वत्र होता असे म्हणता येत नाही.

आज लोणावळ्याच्या आसपासच्या निवासी उपाहारगृहांतून मर्दन हे विश्रांतीचे पण्य झाले आहे, आणि लावणीच्या दिवसांत खोऱ्यांतील स्त्रियांच्या कमरा पूर्ववत धरत आहेत. ज्यांच्यासाठी हा उपचार मुळात घडला त्यांना तो दुर्मिळ होत चालला आहे. घरोघर तेल चोळणाऱ्या वृद्ध स्त्रियांच्या बोटांना जे ठाऊक आहे, कोठे दाबावे, कोठे थांबावे, कोणत्या गाठीला कोणते नाव आहे, ते कोशांत अत्यल्प आले आहे. मोल्सवर्थचा कोश १८३१ साली निघाला. त्याच्या सहायकांनी गोळा केलेल्या लोकभाषेच्या शब्दांवर मराठीचा अभ्यास आजही उभा आहे. अशाच निष्ठेने मावळातील तीन खोऱ्यांतून मर्दनाची क्रियापदे, दुखण्यांची नावे व हाताच्या कृतींची वर्णने टिपून घेणे हे भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यांना सहज साध्य असे काम आहे. ती टिपणे वैद्यकाला उपयोगी पडतील की नाही हे प्रयोग ठरवील. परंतु ज्या ज्ञानाला ग्रंथ नव्हता त्याला निदान शब्दसूची तरी मिळेल, आणि ती घेण्यास फार काळ शिल्लक नाही.